क्योतो स्टेशनात अर्धा दिवस: आधी गच्ची, मग तळघर

भारतातून निघणाऱ्या बहुतेक सहलींच्या कार्यक्रमात क्योतो स्टेशन म्हणजे फक्त शिंकानसेन या बुलेट ट्रेनमधून उतरायची जागा. उतरा, बॅगा ओढा, बसमध्ये बसा, सोनेरी मंदिर गाठा. माझं मत वेगळं आहे. या स्टेशनाच्या इमारतीला निदान अर्धा दिवस द्यावा, आणि तो शेवटच्या दिवशी उरलेला वेळ म्हणून न देता ठरवून द्यावा. इथे डिपार्टमेंट स्टोअर आहे, जमिनीखालचा बाजार आहे, रामेन या रश्श्यातल्या नूडल्सची गल्ली आहे आणि फुकटात शहर दाखवणारी गच्ची आहे. शिवाय क्योतोचा चहा, मिठाया, लोणची आणि तोफू एका छपराखाली मिळतात. फक्त फिरण्याचा क्रम नीट लावावा लागतो, आणि शाकाहारी माणसाला मासा कुठे कुठे लपलेला असतो हे आधीच माहीत असावं लागतं.

एवढा बाजार स्टेशनात कसा, असा प्रश्न आपल्याला पडतोच. जपानमधल्या खासगी रेल्वे कंपन्या फार पूर्वीपासून तिकिटांइतकीच दुकानांवर आणि घरबांधणीवर कमाई करत आल्या आहेत. ओसाकात हानक्यू रेल्वेच्या इचिझो कोबायाशींनी १९२९ मध्ये उमेदा स्टेशनाला लागून डिपार्टमेंट स्टोअर उघडलं आणि पुढे सगळ्यांनी तोच रस्ता धरला. १९८७ मध्ये सरकारी रेल्वेचं खासगीकरण होऊन जेआर कंपन्या झाल्या, तेव्हा त्यांच्या हाती शहरांच्या मध्यभागातल्या मोक्याच्या जागा होत्याच. क्योतोची सध्याची इमारत १९९७ मध्ये पूर्ण झाली. वास्तुविशारद हिरोशी हारा. उंची ६० मीटर, पूर्व-पश्चिम लांबी जवळपास ४७० मीटर. जुन्या राजधानीत एवढं काचेचं आणि लोखंडाचं धूड कशाला, यावरून तेव्हा बराच वाद झाला होता. आत उभं राहून वर बघितल्यावर आपलं मत आपणच ठरवावं.

दिशा आधी पक्क्या करा

स्टेशनाला दोन तोंडं आहेत. उत्तरेकडची बाजू कारासुमा, दक्षिणेकडची हाचिजो. शहराच्या बसगाड्या, क्योतो टॉवर, पोर्ता हा जमिनीखालचा बाजार आणि मुख्य मोठी इमारत कारासुमा बाजूला. शिंकानसेन हाचिजो बाजूला. दोन्हींना जोडणारा दक्षिणोत्तर रस्ता दुसऱ्या मजल्यावरून जातो आणि त्यासाठी तिकीट लागत नाही. हे लक्षात ठेवा, कारण शिंकानसेनमधून उतरलेले बरेच प्रवासी हाचिजो दारातून बाहेर पडतात आणि समोर बसस्टॉप आणि हॉटेलं बघून 'हेच का ते स्टेशन' म्हणत बुचकळ्यात पडतात. बाहेर पडल्यावर दुसऱ्या मजल्यावर चढून सरळ उत्तरेला चालायचं. वाटेत जेआरचं पश्चिम गेट लागतं आणि त्याच्याजवळच इसेतान या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये शिरायचा रस्ता आहे. शहराचं पर्यटन माहिती केंद्रही इथेच, दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथे इंग्रजी बोलणारे कर्मचारी असतात, नकाशे मिळतात. पाच मिनिटं तिथे घालवणं कधीच वाया जात नाही.

मुख्य दालनात, म्हणजे कारासुमा बाजूच्या मध्यवर्ती गेटसमोर, उत्तरेकडे तोंड करून उभे राहिलात की डाव्या हाताला, पश्चिमेला, इसेतान आणि भव्य जिना. उजव्या हाताला, पूर्वेला, ग्रानव्हिया हॉटेल आणि नाट्यगृह. एवढं डोक्यात बसलं की ही इमारत तुम्हाला चुकवू शकत नाही. फलाटांचे क्रमांक मात्र चक्रावतात. ० क्रमांकाचा फलाट आहे, १ नाही, आणि मधले काही आकडे ओलांडून एकदम ३० ते ३४ येतात. ओसाकाच्या कानसाई विमानतळावर जाणारी हारुका गाडी ३० वरून सुटते.

बॅगा सोडवा

हातात बॅगा घेऊन हा फेरफटका होत नाही. कॉइन लॉकर स्टेशनभर विखुरलेले आहेत, आकारानुसार भाडं साधारण चारशे ते हजार येनच्या आसपास. सकाळी दहा-साडेदहानंतर मोठे लॉकर भराभर संपतात, विशेषतः वसंतात साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या, आणि नोव्हेंबरमध्ये लाल पानांच्या दिवसांत. म्हणून लवकर या. नव्या लॉकरना किल्ली नसते. इकोका किंवा सुइकासारख्या रेल्वेच्या प्रीपेड कार्डाने पैसे भरलेत तर तेच कार्ड किल्ली होतं. रोखीने भरलेत तर कागदाच्या पावतीवर आकडे छापून येतात. त्या पावतीचा आणि लॉकरच्या क्रमांकाचा तिथल्या तिथे फोटो काढा. भाडं बहुधा तारखेप्रमाणे धरतात, म्हणजे मध्यरात्र उलटली की दुसरा दिवस लागतो.

लॉकर मिळालाच नाही तर माणसं बसलेला सामान ठेवण्याचा काउंटर शोधा. तिथून बॅग संध्याकाळपर्यंत शहरातल्या हॉटेलवर पोहोचवण्याची सोयही असते. बॅग फार मोठी असेल, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १६० सेंटीमीटरच्या वर, तर तोक्यो किंवा ओसाकाकडे जाणाऱ्या शिंकानसेनमध्ये त्यासाठी जागेचं वेगळं आरक्षण लागतं. ते तिकीट काढतानाच करून टाका.

पैशाची तयारी

इसेतान आणि पोर्तामध्ये क्रेडिट कार्ड चालतं, पण छोट्या खाद्यगृहांत आणि तिकीट यंत्रांवर अजूनही रोख लागते. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अॅपमधून सुरू केलेत की नाही ते निघण्यापूर्वीच बघा. सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएममधून परदेशी कार्डांवर येन काढता येतात. जपानच्या एटीएमपैकी हेच सर्वांत भरवशाचं.

किमतीच्या पाटीवर बरेचदा दोन आकडे असतात. मोठा आकडा कराशिवायचा, खालचा बारीक आकडा करासह. द्यायचा असतो तो बारीक आकडा. साधारण वस्तूंवर १० टक्के कर आहे, पण खाद्यपदार्थ बांधून नेलात तर ८ टक्के. म्हणूनच काउंटरवर 'इथे खाणार की नेणार' असं विचारतात. उत्तर 'मोचिकाएरी' म्हणजे बांधून द्या.

पर्यटकांना करमाफी आहे, त्यासाठी पासपोर्ट मूळचा लागतो, झेरॉक्स चालत नाही. एका दिवशी एकाच दुकानात कराशिवाय ५,००० येनची खरेदी व्हावी लागते. इसेतानसारख्या ठिकाणी वेगवेगळ्या विभागांच्या पावत्या एकत्र करून करमाफीच्या काउंटरवर नेता येतात. म्हणून पावत्या फेकू नका. १ नोव्हेंबर २०२६ पासून ही पद्धत बदलते आहे: दुकानात कर भरायचा, देश सोडताना कस्टम्सने वस्तू तपासल्यावर परतावा मिळवायचा. त्यानंतर जाणार असाल तर विमानतळावर जास्त वेळ हाताशी ठेवा आणि घेतलेल्या वस्तू दाखवता येतील अशा ठेवा.

आधी वर चढा

इसेतान दहाला उघडतं. दाराशी कर्मचारी रांगेत उभे राहून आलेल्या गिऱ्हाइकांना वाकून नमस्कार करतात, तो पाहण्यासारखा असतो. पण लगेच खरेदीला लागू नका. पहिला तास इमारतीला द्या.

दालनातून पश्चिमेकडच्या सरकत्या जिन्यांनी चौथ्या मजल्यावर आलात की समोर भव्य जिना उघडतो: १७१ पायऱ्या, चढ ३५ मीटर, वर थेट आकाश. बाजूने सरकते जिने आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी घाबरू नये. सरकत्या जिन्यांनी जाताना वाटेत प्रत्येक मजल्यावर इसेतानचं दार लागतं. दरवर्षी फेब्रुवारीत या जिन्यावर पळत चढण्याची शर्यत होते. संध्याकाळी याच पायऱ्यांवर हजारो दिव्यांची चित्रं हलताना दिसतात. पायऱ्यांवर बसलेली कॉलेजची मुलं, दुकानांच्या पिशव्या मांडीवर घेतलेल्या आज्या, खालून येणारा गाड्यांच्या घोषणांचा आवाज. या स्टेशनाचा स्वभाव कळायला इथे दहा मिनिटं बसावं.

सर्वांत वर मोकळी गच्ची आहे, बांबू आणि बाकं असलेली. दक्षिणेला तोजी मंदिराचा पाच मजली, सुमारे ५५ मीटर उंच लाकडी पॅगोडा शोधा. उत्तरेकडे १३१ मीटरचा क्योतो टॉवर नाकासमोर येतो. तो १९६४ चा. टॉवरवर चढायला पैसे पडतात, इथून बघायला नाही, आणि खरं सांगायचं तर टॉवर दिसतो असा देखावा टॉवरवरून मिळूच शकत नाही.

खाली उतरताना दहाव्या मजल्यावरून स्कायवे धरा. जमिनीपासून ४५ मीटरवर, दालनाच्या छताखालून काचेतून जाणारा हा बोळ इमारतीच्या पूर्व आणि पश्चिम टोकांना जोडतो. सकाळी दहा ते रात्री दहा उघडा, तिकीट नाही. एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला पायाखाली मुंग्यांएवढी माणसं. इतकं असूनही गर्दी फारशी नसते, कारण पाटी बारीक आहे आणि बऱ्याच जणांना तो सापडत नाही.

जेवण: रामेनची गल्ली आणि तिचा अडथळा

दहाव्या मजल्यावर रामेन कोजी आहे. जपानच्या वेगवेगळ्या भागांतली रामेनची दुकानं एका ओळीत: होक्काइदोचं मिसो रामेन, क्यूशूचं डुकराच्या हाडांच्या पांढरट रश्श्याचं रामेन, वगैरे. मांसाहार करणाऱ्यांनी जरूर जावं. साडेअकराच्या आत पोहोचलात तर रांग कमी.

बहुतेक ठिकाणी दाराशी तिकिटाचं यंत्र असतं. आधी पैसे टाकायचे, मग हवा त्या पदार्थाचं बटण दाबायचं, सुटे पैसे आले नाहीत तर खालची कळ फिरवायची. वरच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण बहुधा त्या दुकानाच्या मुख्य पदार्थाचं असतं. तिकीट आत माणसाच्या हाती दिलं की झालं. पाणी फुकट. टीप ठेवू नका, ठेवलीत तर माणूस ती परत द्यायला मागे धावत येईल.

शाकाहारी माणसाने मात्र इथे हट्ट करू नये. वरचं मांस काढून टाकता येतं, रस्सा कसा बदलणार? तो हाडांचा, नाहीतर सुकवलेल्या माशांचा असतो.

आता हीच गोष्ट सविस्तर सांगते, कारण मराठी कुटुंबांची जपानमधली निम्मी धांदल याच एका मुद्द्यावर होते. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी. ती बहुतेकदा कात्सुओ नावाच्या माशाच्या सुकवलेल्या किसापासून आणि कोंबू या समुद्री शेवाळापासून करतात. सोबा नूडल्सचं बुडवायचं पाणी, उदोन नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, तोफूवरचं ओतण, इनारी सुशीतली गोडसर तोफूची पिशवी, या सगळ्यांत ती असते. मेन्यूवर मासा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही. पाकिटावरच्या अॅलर्जीच्या चौकटीवरही विसंबू नका. त्या चौकटीत अंडं, दूध, गहू, शेंगदाणे, कोळंबी, खेकडा असे ठरावीक घटक लिहिणं बंधनकारक आहे. कात्सुओ त्या यादीत नाही. म्हणजे चौकट कोरी असली तरी पदार्थात माशाचा अर्क असू शकतो. अंडं मात्र त्या चौकटीत नक्की कळतं.

दोन वाक्यं पाठ करा. 'निकु तो साकाना वा ताबेमासेन', म्हणजे मांस आणि मासे खात नाही. आणि नेमका प्रश्न: 'कात्सुओ दाशी वा हाइत्ते इमासु का?' 'शाकाहारी आहे का' असं मोघम विचारलंत तर समोरचा माणूस मांसाच्या तुकड्यांचा विचार करून 'हो' म्हणतो. दाशीचं नाव घेतलंत की तो स्वयंपाकघरात जाऊन विचारून येतो. हीच वाक्यं जपानी लिपीत छापलेलं कार्ड सोबत असेल तर आणखी बरं. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर तेही त्याच कार्डावर लिहा, तोंडी समजावणं अवघड जातं.

मग खायचं कुठे? इसेतानच्या अकराव्या मजल्यावर जेवणाची दालनं आहेत, पोर्तातही भरपूर. दारातल्या काचेच्या कपाटात पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात, त्यामुळे बोट दाखवून मागता येतं. शाकाहाऱ्यांसाठी इटालियन जागा सर्वांत सोप्या: टोमॅटोचा पास्ता, मार्गेरिता पिझ्झा. बौद्ध मठांच्या परंपरेतलं शोजिन जेवण कुठे दिसलं तर सोडू नका, त्याची दाशी कोंबू आणि शिताके अळंब्यांची असते. मुलं सोबत असतील आणि वेळ गेलेला असेल तर बेकरीतला पाव, फळं आणि दही यांवरही निभावतं.

दाराबाहेर कागद ठेवलेला असेल तर त्यावर नाव आणि माणसांची संख्या लिहून बाहेरच्या खुर्च्यांवर बसायचं. आता बऱ्याच ठिकाणी क्रमांक देणारं यंत्र असतं. शेवटची ऑर्डर बंद होण्याच्या अर्धा ते एक तास आधी घेतात, हे रात्री उशिरा जेवायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवावं.

दुपारच्या चहाला उजी या क्योतोच्या दक्षिणेकडच्या गावच्या माच्चाची, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीची, दुकानं स्टेशनातच आहेत. १८५४ मध्ये सुरू झालेल्या नाकामुरा तोकिचीचं चहागृह सुवाको या इसेतानला लागूनच्या दुकानांच्या भागात, तिसऱ्या मजल्यावर, पश्चिम गेटाजवळ आहे. त्सुजिरीचं चहागृह इसेतानमध्ये. आइसक्रीम, मोची हे चिकट तांदळाचे गोळे, गोड अझुकी हे लाल कडधान्य आणि चहाची जेली रचलेला उंच पेला, इतका की चमचा तळाला पोहोचत नाही. जेलीसाठी जिलेटिन वापरलंय की कांतेन हे विचारा. कांतेन समुद्री शेवाळापासून होतं, ते चालतं.

तळघर: इथे घाई करू नका

इसेतानचे तळघरातले मजले म्हणजे या सगळ्या फेरफटक्याचा गाभा. मिठाया, डबे, भाज्या, चहा, लोणची. काउंटरमागून एकाच वेळी 'इराश्शाइमासे'चे पुकारे येत असतात. त्याला उत्तर द्यायचं नसतं, नुसतं बघत पुढे जाता येतं, कोणी मागे लागत नाही.

शाकाहारी माणसाचे डोळे इथे चमकतात. पारंपरिक जपानी मिठाई म्हणजे तांदळाचं पीठ, साखर आणि अझुकी. अझुकी वाटून केलेलं 'आन' हे सारण चवीला आपल्या पुरणाच्या फार जवळ जातं, फक्त वेलची-जायफळ नाही. क्योतोची खास मिठाई यात्सुहाशी. दालचिनीचा वास असलेल्या मऊ तांदळाच्या पातळ चौकोनात आन घालून त्रिकोणी घडी. माझ्या मते घरी न्यायला याहून चांगली वस्तू नाही. मऊ प्रकार थोडेच दिवस टिकतो, भाजलेला कडक प्रकार बराच काळ. म्हणून पाकिटावरची तारीख बघून, मऊ प्रकार परतीच्या प्रवासाच्या अगदी आधी घ्या. फुला-पानांच्या आकाराच्या नाजूक नामागाशी मात्र त्याच दिवशी खायच्या. योकान ही वडी महिनोन्महिने टिकते, ऑफिसात वाटायला सोयीची. माच्चाचे बिस्किट-चॉकलेटचे सुंदर डबेही मोहात पाडतील. मारुब्रांशचं चा नो का सगळ्यांना आवडतं, पण त्यात अंडं आहे.

लोणच्यांच्या काउंटरवर थांबाच. माझ्यासोबत एकदा अंडंही न खाणाऱ्या मावशी होत्या. त्यांनी कार्ड पुढे केलं. काउंटरवरच्या बाईंनी ते दोन्ही हातांत घेऊन वाचलं, चार पाकिटं उलटी केली, घटकांच्या ओळीवरून बोट फिरवत गेल्या, एकीवर थबकल्या, सहकाऱ्याला बोलावून विचारलं आणि शेवटी दोन पाकिटं वेगळी काढून समोर ठेवली. उरलेली दोन हळूच मागे सरकवली. विकली जाणारी वस्तू स्वतःहून मागे सरकवणारी ती बाई मला फार थोर वाटली. समोर ठेवलेल्या दोनांपैकी एक होतं शिबाझुके, वांगी आणि लाल शिसोच्या पानांचं, जांभळट आणि आंबट. सुगुकी या सलगमाच्या लोणच्यात परंपरेने मीठच असतं. हिवाळ्यात गेलात तर सेनमाइझुके, शोगोइन सलगमाच्या कागदासारख्या पातळ चकत्या. पण प्रत्येक कंपनीची कृती वेगळी, म्हणून विचारणं चुकवू नका. आणि भारतात न्यायचं असेल तर पाकीट हवाबंद करून मोठ्या बॅगेत टाका, वास दणकट असतो.

पैसे देताना ते हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवा. नाजूक किंवा दुधाची मिठाई असेल तर विचारतात, घरी पोहोचायला किती वेळ लागेल? तास सांगितलेत की तेवढ्या वेळापुरत्या बर्फाच्या पुड्या घालतात. भेट द्यायची आहे असं सांगितलंत तर डबा कागदावर तिरका ठेवून, एका वळणात फिरवून, चिकटपट्टीचा जेमतेम एक तुकडा लावून गुंडाळतात. २०२० पासून प्लास्टिक पिशवीचे पैसे पडतात, घडीची कापडी पिशवी जवळ ठेवा.

संध्याकाळी सातच्या सुमारास पुन्हा एक चक्कर मारा. इसेतान आठला बंद होतं, त्याआधी तयार पदार्थांवर सवलतीची चिकटपत्रं लागू लागतात. भात, भाज्यांची कोशिंबीर, फळांचे डबे स्वस्तात मिळतात. क्योतोची माणसंही या वेळेची वाट बघत असतात, त्यामुळे रात्रीसाठी अमुकच हवं असा आग्रह धरू नये.

पोर्ता इसेतानपासून वेगळं, स्टेशनसमोरच्या चौकाखाली पसरलेलं, १९८० चं. कपडे, पुस्तकं, रोजचं खाणं. पाऊस लागला तर इथूनच चालत राहावं. हाचिजो बाजूला असलेला इऑन मॉल रोजच्या वापरातला आहे, सुपरमार्केट तिथलं चांगलं. इलेक्ट्रॉनिक्स हवं असेल तर कारासुमा बाजूला योदोबाशी. वेळ कमी असेल तर हे तिन्ही गाळले तरी चालतील.

गाडीकडे निघताना

कारासुमा बाजूच्या तळघरातून शिंकानसेनच्या गेटपर्यंत पिशव्या आणि मुलांसकट पंधरा मिनिटं धरा, लॉकरमधून बॅग काढायची असेल तर आणखी दहा. एकिबेन म्हणजे प्रवासातला जेवणाचा डबा गेटाच्या आसपासच मिळतो. शिंकानसेनमध्ये खाणं रीतीला धरून आहे, लोकल गाडीत नाही, आणि बाजारात चालता चालताही खात नाहीत. स्टेशनभर कचऱ्याचे डबे फार कमी आहेत. रिकामी पाकिटं पिशवीत ठेवा आणि शिंकानसेनमध्ये चढल्यावर डब्याच्या टोकाला, दाराजवळच्या कचरापेटीत टाका.